समाचाराचे तीन अर्थ

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात झालेल्या पालक-शिक्षक मेळाव्यातील मुख्याध्यापिकांचे भाषण)



‘समाजमाध्यमे आणि आपले परस्परसंबंध’ या विषयावर मी बोलावे असा महोत्सव समितीचा निरोप आला, तेव्हा मला थोडे हसू आले. निरोप व्हॉट्सॲपवर आला होता, मी अंगठ्याचे चित्र पाठवून होकार कळवला होता, आणि समितीचे कार्यालय माझ्या खोलीपासून वीस पावलांवर आहे. ज्या सवयीबद्दल बोलायचे, ती मलाही जडलेली आहे. म्हणून माझे आजचे बोलणे उपदेश समजू नये. एकाच बाकावर बसलेल्या सोबत्याने केलेले ते हितगुज आहे, एवढेच समजावे.

आपण छत्तीसगढातली मराठी माणसे दोन भाषांत जगतो. त्यामुळे कधी कधी एकच शब्द दोन्ही बाजूंनी दिसण्याचे भाग्य आपल्याला लाभते. ‘समाचार’ हा असा एक शब्द आहे. हिंदीत समाचार म्हणजे बातमी. मराठीतही तो अर्थ जुन्या पत्रांत व वर्तमानपत्रांच्या नावांत आढळतो. पण मराठीत आणखी दोन अर्थ आहेत. आजाऱ्याच्या किंवा दुःखात असलेल्या घरी आपण ‘समाचाराला जातो’, तेव्हा त्याचा अर्थ विचारपूस असा होतो. आणि कोणाची खरडपट्टी काढली, तर ‘त्याचा चांगलाच समाचार घेतला’ असे आपण म्हणतो. बातमी, विचारपूस आणि खरडपट्टी, असे हे तीन अर्थ. आजच्या समाजमाध्यमांकडे या तीन अर्थांच्या वाटेने पाहावे, असा माझा विचार आहे.

प्रथम बातमीकडे पाहू.

अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या प्रदेशात आली, आणि तिच्याबरोबर व तिच्यानंतर कारभार, वकिली, शिक्षण, रेल्वे अशा निमित्तांनी मराठी कुटुंबे येथे येत राहिली. ३१ ऑक्टोबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर एकाच राज्यात होते. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली आणि आपले माहेर परराज्यात गेले. पुढे १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ राज्य झाले. दोन्ही वेळा नकाशा बदलला, तरी तात्यापाऱ्यातल्या आणि चौबे कॉलनीतल्या घरांचे नाते नागपूर, अमरावती, पुणे यांच्याशी टिकून राहिले. ते टिकवले पोस्टाने.

या संदर्भात एक गोष्ट विद्यार्थ्यांना मी नेहमी सांगते. १५ ऑगस्ट १९७२ रोजी भारतात पिनकोड सुरू झाला. त्याची योजना करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे डाक-तार खात्यातील अधिकारी मराठी होते, आणि संस्कृतचे कवी व नाटककारही होते. या सहा अंकांतला पहिला अंक विभाग दाखवतो. महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ यांचा पहिला अंक ४ हा आहे. नागपूर ४४०००१ आणि रायपूर ४९२००१. राज्यांच्या सीमांनी आपल्याला वेगळे केले, पण पोस्टाच्या हिशेबात आपण आजही एका घरचे आहोत.

त्या पत्रांचे गुण मी गाईन, पण दोष लपवणार नाही. बातमी आठवड्याने पोहोचत असे. तार आली की वाचण्यापूर्वीच घरात रडारड सुरू होई. पोस्टकार्ड तर पोस्टमनपासून शेजाऱ्यापर्यंत सर्वांसाठी उघडेच. नव्याने सासरी आलेल्या मुलीचे पत्र आधी सासूबाईंच्या हाती पडे आणि तिने लिहिलेले पत्र घरातल्या वडीलधाऱ्यांच्या नजरेखालून पेटीत जाई. ‘मी येथे सुखरूप आहे’ हे वाक्य किती मुलींनी डोळे पुसत लिहिले असेल, याची नोंद कोठल्याही कार्यालयात नाही. आज तीच मुलगी दार लावून आईला खरे काय ते सांगू शकते. केवळ एवढ्या एका कारणासाठी मोबाइलला मी शंभर दोष माफ करीन.

आणखीही उपकार आहेत. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. एप्रिलमध्ये राज्य शासनाने ‘पढई तुंहर दुआर’ हा ऑनलाइन उपक्रम सुरू केला. आमच्या शिक्षकांनी रात्री जागून धडे ध्वनिमुद्रित केले आणि ते पालकांच्या भ्रमणध्वनीवर पाठवले. मुलांच्या हाती फोन दिला कोणी, असा प्रश्न आज पालक विचारतात. त्याचे उत्तर प्रामाणिकपणे द्यायचे तर, आम्हीही दिला. तो दिला नसता तर दोन वर्षांचे शिक्षण वाहून गेले असते. त्याच काळात अमरावतीची आजी पडद्यावर नातवाला शुभंकरोती शिकवीत होती, हेही मी पाहिले आहे. आज्ञार्थी आणि विध्यर्थी यांतला फरक आम्ही वर्गात शिकवतो, पण ‘काय करून राहिलास रे?’ हा वऱ्हाडी जिव्हाळा शिकवायला आजीच लागते, आणि ती आजी फोनने जवळ आणली. बातमी या पहिल्या अर्थाने समाजमाध्यमांनी आपले भलेच केले, हे मी निःसंकोच मान्य करते.

आता तिसरा अर्थ आधी घेते, खरडपट्टीचा.

जुन्या पत्राला मायना असे. वडिलांना ‘तीर्थरूप’, वडिलांसमान माणसाला ‘तीर्थस्वरूप’, धाकट्याला ‘चिरंजीव’, बरोबरीच्याला ‘सप्रेम नमस्कार’. मोठ्यांना साष्टांग नमस्कार आणि लहानांना अनेक उत्तम आशीर्वाद. शेवटी ‘लोभ असावा ही विनंती’. शाळेत ही नुसती घोकंपट्टी वाटे, परंतु तिच्यात एक शिस्त दडलेली होती. कागदावर पहिली ओळ लिहिण्यापूर्वी लिहिणाऱ्याला थांबून ठरवावे लागे की मी कोणाशी बोलतो आहे आणि माझे त्याच्याशी नाते काय. नाते एकदा लिहून टाकले की पुढच्या मजकुरात त्याचा मान राखावाच लागे. ‘तीर्थरूप’ लिहून खाली उर्मट वाक्य लिहिणे हाताला जड जाते.

कुटुंबाच्या ग्रूपला मायना नसतो. तेथे आजोबा, सून, जावई, चुलतभाऊ आणि भावाचा नुकताच मिसरूड फुटलेला मुलगा एकाच वेळी समोर असतात. मित्राला शोभणारा विनोद आजोबांना बोचतो, आजोबांचा उपदेश जावयाला टोमणा वाटतो. समोरासमोर बोलताना समोरच्याचा चेहरा पाहून आपण वाक्य अर्ध्यावर वळवतो. पडद्यावर चेहरा नसतो आणि वाक्य पुरे होऊनच सुटते. एका निवडणुकीच्या सुमारास दोन सख्ख्या भावांनी ग्रूपवर एकमेकांचा ‘समाचार’ घेतला आणि पुढे मुंजीचे निमंत्रणही गेले नाही, असे एक घर माझ्या परिचयाचे आहे. त्या दोघांना ओट्यावर समोरासमोर बसवले असते तर वाद झालाच असता, पण आतून वहिनी चहा घेऊन आली असती आणि विषय बदलला असता.

त्यात भर म्हणजे निळ्या खुणा. नोव्हेंबर २०१४ पासून आपला संदेश वाचला गेला की नाही, हे व्हॉट्सॲप पाठवणाऱ्याला दाखवू लागले. पत्राच्या काळात उत्तर आले नाही तर आपण पोस्टाला दोष देत असू. पाऊस झाला असेल, गाडी चुकली असेल, असे मनाला समजावीत असू. तो दोष अंगावर घेऊन पोस्टाने कितीतरी नाती सांभाळली. आता पोस्ट निर्दोष सुटले आहे आणि आरोपी म्हणून माणूस उभा आहे: ‘वाचले, तरी उत्तर दिले नाही!’ तो माणूस त्या क्षणी स्वयंपाक करीत असेल, रुग्णालयात रांगेत उभा असेल, किंवा चांगले उत्तर सुचावे म्हणून थांबला असेल, हा विचार करायला आपल्याला सवड नसते. आठवीतल्या मुली माझ्या खोलीत येऊन रडतात, त्यांतील पुष्कळशा भांडणांचे मूळ दोन निळ्या रेघांत असते.

ही झाली घरातली भांडणे. पण जबाबदारी सुटलेला शब्द घराबाहेर पडला की काय करतो, हेही सांगितले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा येथे बाजाराच्या दिवशी जमावाने पाच माणसांना ठार मारले. ती नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील, भिक्षा मागत गावोगाव फिरणारी माणसे होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून फिरत होती. तेवढ्यावरून पाच घरांचे कर्ते गेले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतापुरती एक मर्यादा घातली, ती अशी की एक संदेश एका वेळी पाचपेक्षा अधिक ठिकाणी पुढे ढकलता येणार नाही. यंत्राने बोटाला आवर घातला. पण ‘जसा आला तसा पाठवत आहे’ असे लिहून हात झटकणाऱ्या मनाला यंत्र कसा आवर घालणार?

येथे मला आपल्या भूमीतल्या एका मराठी माणसाची आठवण होते. पंडित माधवराव सप्रे. मातृभाषा मराठी, लेखणी हिंदी. जानेवारी १९०० मध्ये त्यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक सुरू केले. पैशाअभावी ते तीन वर्षेच चालले. समर्थांचा ‘दासबोध’ आणि लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेले. ‘हिंदी केसरी’तील लेखनासाठी १९०८ साली त्यांना अटक झाली. १९२६ मध्ये रायपुरातच त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या नावाची शाळा आपल्या शहरात आजही उभी आहे. विद्यार्थ्यांनो, सप्रे यांच्यासारख्या संपादकाला छापलेल्या प्रत्येक शब्दासाठी कोणाला ना कोणाला उत्तर द्यावे लागे, प्रसंगी तुरुंगाच्या दारात उभे राहून. आज आपल्यापैकी प्रत्येकाच्या खिशात एक छापखाना आहे. छापखाना आला, पण संपादक आला नाही. तो आपल्यालाच व्हावे लागेल. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी ‘याखाली मी माझी सही करीन काय?’ एवढा एकच प्रश्न स्वतःला विचारा. उत्तर ‘नाही’ असे आले, तर तो संदेश तुमच्यापाशीच संपू द्या.

आता मधला अर्थ, विचारपूस. हा मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण येथे मला स्वतःबद्दल बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेतले एक निवृत्त शिक्षक वारले. मी नव्याने नोकरीला लागले तेव्हा त्यांनीच मला फळ्यावर सरळ ओळीत लिहायला शिकवले होते. बातमी सकाळी ग्रूपवर आली. परीक्षेचे दिवस होते. मी कार्यालयात बसूनच ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ असे लिहिले, खाली जोडलेल्या हातांचे चित्र टाकले आणि प्रश्नपत्रिकांचे गठ्ठे मोजू लागले. अर्ध्या तासात त्या संदेशाखाली तसेच हात जोडलेली चित्रे शंभराच्या घरात गेली. इतक्या जणांनी दुःख व्यक्त केलेले पाहून माझ्या मनाला एक प्रकारची स्वस्थता आली, आणि घरी जाऊन यायचे राहिले. आज जाऊ, उद्या जाऊ, असे करता करता दिवस उलटले.

तेरावे झाल्यावर त्यांच्या पत्नी शाळेत आल्या. सरांकडे ग्रंथालयाची दोन पुस्तके राहून गेली होती, ती परत करायला. मी उठून उभी राहिले आणि काहीतरी पुटपुटले. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘बाई, मुलाने मला सगळे संदेश वाचून दाखवले. तुमचाही वाचला. किती लोकांनी आठवण काढली! घरी मात्र कोणी फारसे आले नाही. शेजारचे साहू कुटुंब होते म्हणून बरे. पहिले दोन दिवस डाळ-भात त्यांच्याकडूनच आला.’’

त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती. असती तर मला सोपे गेले असते. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यांनी पिठलं-भात न्यायचा असतो, ही आपली रीत. ती त्या दिवशी एका छत्तीसगढी कुटुंबाने पाळली, आणि ते कुटुंब आमच्या कोणत्याही ग्रूपमध्ये नव्हते. कदाचित म्हणूनच ते दारात गेले. श्रद्धांजली लिहून मोकळे होण्याची सोय त्यांना नव्हती.

त्या दिवशी मला या माध्यमाचा खरा धोका कळला. ते आपल्याला निष्ठुर करीत नाही. आपल्याला दुःख होते, ते खरेही असते. पण ते दुःख पायांपर्यंत उतरण्याआधीच बोटांतून वाहून जाते. कर्तव्य केल्याचे समाधान मिळते आणि कर्तव्य राहून जाते. समाचार कळला, समाचाराला जायचे मात्र राहिले. हिंदीतला अर्थ उरला आणि मराठीतला हरवला, असे मी त्या रात्री माझ्या वहीत लिहून ठेवले आहे.

मग करावे काय? महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ साली दोन वेगळी उत्तरे दिली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने ग्रामसभेत ठराव करून अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास बंदी केली. सांगली जिल्ह्यातील कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने निराळा मार्ग धरला. स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला तेथे महिलांची सभा झाली आणि भोंगा बसवण्याचे ठरले. सायंकाळी सात वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, तेव्हा घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद होतात. साडेआठला भोंगा पुन्हा वाजतो. त्या दीड तासात मुले अभ्यास करतात, मोठी माणसे वाचतात किंवा गप्पा मारतात. सुरुवातीला लोक साशंक होते. अंगणवाडी सेविका, आशा कार्यकर्त्या, निवृत्त शिक्षक यांनी घरोघरी फिरून ते समजावले.

बान्सीची तळमळ मला समजते. तरीही शिक्षिका म्हणून माझा कौल वडगावकडे आहे. बंदी मुलांवर असते, भोंगा सर्वांसाठी वाजतो. ज्या घरात वडील जेवताना पडद्यावर बोट फिरवीत असतात, त्या घरात मुलाला घातलेली बंदी हा केवळ बळाचा भाग ठरतो. मुले आपले ऐकत नाहीत, ती आपल्याकडे पाहतात. वडगावने दीड तास मागितला, पण तो गावातल्या लहानथोर सर्वांकडून मागितला. त्या योजनेचे बळ मला यातच दिसते.

आपल्या शाळेनेही या वर्षी एक लहानसा प्रयोग केला. आठवीच्या वर्गाला पन्नास पैशांची पोस्टकार्डे दिली आणि आपापल्या आजी-आजोबांना पत्र लिहायला सांगितले. मायना फळ्यावर लिहून दिला. मजकूर लिहून झाला आणि सगळा वर्ग पत्त्यापाशी अडला. एका मुलीने मला विचारले, ‘‘बाई, आजीचा नंबर आहे माझ्याकडे. पत्ता कशाला?’’ जिच्याशी ती रोज बोलते, ती आजी कोणत्या गल्लीत राहते, घरासमोर काय आहे, हे तिला ठाऊक नव्हते. मग घरोघरी पत्त्यांचा शोध सुरू झाला. काही पत्रे पत्ता चुकल्याने परत आली, काहींना उत्तर आले नाही. त्या मुलीच्या आजीचे उत्तर मात्र आले, आणि तेही व्हॉट्सॲपवर, ध्वनिसंदेशाच्या रूपाने. डोळ्यांना दिसत नाही म्हणून पत्र तिसऱ्यांदा शेजारणीकडून वाचून घेतले, असे आजी सांगत होत्या. मला त्या उत्तराचा आनंद झाला. पत्र गेले पोस्टाने, उत्तर आले फोनने, आणि या दोहोंच्या मध्ये एक शेजारीण होती. साधन कोणतेही असो, मध्ये माणूस राहिला पाहिजे.

पालकहो, आज मी आपणाकडे तीन गोष्टी मागते. पहिली, रोज रात्रीच्या जेवणाच्या वेळी घरातले सर्व फोन एका टोपलीत ठेवावेत, आणि पहिला फोन घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने ठेवावा. दुसरी, ज्याच्यावर रागावलो आहोत त्याला लिहू नये. फोन करावा, किंवा त्याच्याकडे जावे. तिसरी, कोणाच्या दुःखाची बातमी ग्रूपवर आली, तर श्रद्धांजली लिहिण्यापूर्वी कधी जाणार तो दिवस ठरवावा, आणि जाताना मुलाला बरोबर न्यावे. अशा घरात काय बोलावे, हे आपल्याला कोणी शिकवले नव्हते. आईचा पदर धरून गेलो आणि पाहिले की पुष्कळदा काहीच बोलायचे नसते, नुसते बसायचे असते. हे कोणत्याही पडद्यावर शिकता येत नाही.

साठ वर्षांपूर्वी ज्यांनी ही शाळा उभी केली, त्यांनी घरोघरी पायी फिरून विद्यार्थी मिळवले, असे आम्ही जुन्या मंडळींकडून ऐकत आलो आहोत. परप्रांतात आपली भाषा टिकावी म्हणून त्यांनी दारे ठोठावली. ती सवय आपण सोडू नये. सरांच्या घरी मी पुढे गेले. उशिरा गेले, पण आता वर्षातून दोनदा जाते. त्या दोन्ही पुस्तकांत सरांच्या हस्ताक्षरातल्या टिपा होत्या. ती पुस्तके आपल्या ग्रंथालयात आहेत. विद्यार्थ्यांनी जरूर पाहावीत.

 लोभ असावा ही विनंती.